आतून कोरायचं तर आधी दांडा बघ

अगं, ताई म्हणाली की लेथवर भांडी आतून कोरायची सिस्टीम घ्यायला तू निघालीस आणि तीन-चार परदेशी सेट निवडूनही ठेवलेस. ऑर्डर देण्याआधी मामाचं थोडं ऐक. पैसे खर्च करू नकोस असं मी म्हणत नाही. ते नेमके कशावर खर्चायचे, एवढंच सांगायचं आहे. माझी सगळी नोकरी गोरेगावच्या उद्योगनगरातल्या गाळ्यांत झाली, टूलरूममध्ये. तिथे लोखंड कातलं, निवृत्तीनंतर लाकूड. दोन्हीकडे खोल बोअर करताना एकच गोष्ट आडवी येते आणि तिचं नाव थरथर.

बाहेरून कातताना हत्याराला टूल रेस्टचा आधार टोकापासून बोटभर अंतरावर असतो. आतून कोरताना तसं होत नाही. रेस्ट भांड्याच्या तोंडाशी थांबतो आणि हत्याराचं टोक आत, वीतभर लांब, अधांतरी काम करतं. रेस्टपासून टोकापर्यंतची ही मोकळी लांबी म्हणजे सगळा खेळ. स्टीलची फूटपट्टी टेबलाच्या कडेवर दाबून धर, चार इंच बाहेर काढून टोक दाब आणि मग आठ इंच बाहेर काढून दाब. लांबी दुप्पट झाली की पट्टी दुप्पट वाकत नाही, आठपट वाकते. याउलट गोल दांड्याची जाडी दुप्पट केली तर वाकणं सोळा पटींनी कमी होतं. हे पुस्तकी गणित असलं तरी लेथवर तुझ्या मनगटाला दर सेकंदाला कळत राहतं.

आता यातून निघणारे आकडे वहीत लिहून ठेव. १२ मिलिमीटरचा दांडा १०० मिलिमीटर बाहेर, १६चा १५० बाहेर, २०चा २०० बाहेर आणि २५चा २७० बाहेर, हे चारही दांडे सारख्या जोराला टोकाशी जवळपास सारखेच वाकतात. माझ्या हाताला तिथपर्यंतचं काम सुखाचं वाटतं. त्यापुढे थोडं जाता येतं, पण मग काप बारीक घ्यावा लागतो, वेग जपावा लागतो आणि आत पृष्ठभागावर लाटा उठतात. तू निवडलेल्या सेटमध्ये एकात १२ मिलिमीटरची तीन सुंदर हत्यारं आहेत, पॉलिश केलेली, अक्रोडाच्या मुठींची. त्यांनी तू आठ इंच खोल फुलदाणी कोरायला गेलीस तर २०० मिलिमीटरवर तो दांडा १००च्या आठपट वाकेल. मूठ कितीही देखणी असली तरी यात फरक पडत नाही.

याच जागी दुकानदार ‘स्पेशल अलॉय स्टील’ म्हणून जास्त पैसे मागेल. तिथे फसू नकोस. साधं माइल्ड स्टील, ईएन-८ किंवा ईएन-२४ घे, वाकण्याच्या बाबतीत ही सगळी स्टील जवळपास सारखीच असतात. महाग स्टील लवकर झिजत नाही, तुटत नाही, त्याचे आटे टिकतात, हे खरं. पण थरथर कमी होते ती फक्त जाडीने आणि कमी लांबीने. कार्बाइडचा अख्खा दांडा मात्र स्टीलपेक्षा सुमारे तिप्पट ताठ असतो. धातूच्या कारखान्यात ते परवडतं, आपल्याला नाही.

म्हणून सिस्टीम निवडण्याआधी तीन मोजमापं कागदावर लिही. भांडं किती खोल करणार? तोंड किती मिलिमीटरचं ठेवणार? आणि लेथच्या मागे, टेलस्टॉक काढल्यावर, किती जागा उरते? पहिल्या दोघांचं आपसात भांडण असतं. तोंड २५ मिलिमीटरचं ठेवलंस तर आत जाणारा दांडा १६च्या वर घेता येत नाही, कारण टोक आडवं फिरायला आणि भुसा बाहेर यायलाही जागा हवी. दांडा १६चा म्हणजे खोली १५०च्या आसपास. तुला २०० खोल हवं असेल तर तोंड ५० ठेव आणि २०चा दांडा घाल. सुरुवातीला अरुंद तोंडाचा मोह धरू नकोस. आपल्याकडच्या जुन्या कामाकडे बघ. तबल्याचं खोड शिसमाचं, जड आणि कठीण, पण तोंड चांगलं रुंद आणि पोकळी पूर्ण उंचीभर नाहीच, वरून साधारण अर्ध्यापर्यंत. म्हणून तिथे जाड हत्यार चालतं आणि आधार जवळ राहतो. कोकण रेल्वेने सावंतवाडीला उतरलीस तर चितार आळीत कातलेली, लाखेच्या रंगाची लाकडी फळं आणि खेळणी बघ. ती आतून पोकळ नसतात, पण एकसारखी गोलाई काय असते ते डोळ्याला शिकवतात. तू आधी कुंकवाचे करंडे कर, तोंड ६० आणि खोली ६०. त्याला कोणतीही सिस्टीम लागत नाही. १२ मिलिमीटरचा एक गोल तोंडाचा स्क्रॅपर पुरे. असे करंडे भरपूर झाले, झाकणं नीट बसू लागली, की पुढच्या खर्चाचा विचार.

बारीक तोंडातून मोठं पोट कोरायची वाट अमेरिकेतल्या डेव्हिड एल्सवर्थने १९७० च्या दशकात लोकांपुढे आणली. पुढे १९८६ मध्ये तिथल्या लाकूड कातणाऱ्यांची संघटना निघाली, तिचा तो पहिला अध्यक्ष. तुला त्याच्याबद्दल सांगायचं कारण एवढंच की तो वाकड्या दांड्यांची आपली हत्यारं स्वतः बनवत असे. आजच्या चमकदार सेटांचे हे पूर्वज कार्यशाळेत घडले आणि उद्योगनगरातही घडू शकतात.

आता प्रकार बघू.

पहिला प्रकार म्हणजे नुसता हातात धरायचा लांब दांडा. सर्वांत स्वस्त, आणि १००-१२० मिलिमीटर खोलीपर्यंत सर्वांत चांगला. यात मूठ लांब हवी. रेस्टच्या पुढे जितकं बाहेर, त्याच्या निदान तिप्पट मागे आणि शक्यतो पाचपट. २०० बाहेर काढलंस तर मागे ६०० ते १००० मिलिमीटर. तिप्पट मूठ असेल तर टोकावर दहा किलोचा जोर आला की तुझ्या हातात सव्वातीन किलो येतो, पाचपट असेल तर दोन. मूठ म्हणून पोकळ पाइप घे आणि त्यात कोरडी रेती ठासून भर, थरथर बरीच पिऊन टाकते. तुझ्या बाल्कनीत एवढी लांब मूठ मागच्या ग्रिलला धडकेल, हे आधीच मोजून बघ.

हातातल्या दांड्याची खरी अडचण वेगळीच आहे, पीळ. टोक सरळ असेल तर जोर सरळ खाली येतो. पण भांड्याच्या खांद्याखाली पोचायला टोक बाजूला वळवलेलं असतं, आणि ते दांड्याच्या मध्यरेषेपासून ४०-५० मिलिमीटर बाहेर गेलं की लाकूड त्याला खाली दाबतं तेव्हा अख्खा दांडा हातात फिरायला बघतो. हा पीळ मनगट किती वेळ सोसणार? पंधरा मिनिटांत बोटं दुखू लागतात, पकड सैल होते, टोक खाली घुसतं आणि झटका बसतो. म्हणून वाकडं हत्यार घेशील तेव्हा दोन गोष्टी बघ. एक, वळण घेतल्यावर टोक परत दांड्याच्या मध्यरेषेच्या जवळ येतंय का. हंसाच्या मानेसारखं वळवून टोक रेषेत आणलेलं असेल तर पीळ बराच मरतो. दुसरं, वळण सुरू होण्याआधी पुरेसा सरळ भाग आहे का. रेस्टवर नेहमी सरळ भागच टेकायला हवा. वळणाचा भाग रेस्टवर आला की हत्यार तुझं ऐकत नाही.

दुसरा प्रकार, माझ्या मते तुझ्यासाठी योग्य, तो म्हणजे मागे डीच्या आकाराची रुंद मूठ आणि ती दोन आडव्या गजांच्या फटीत अडकवलेली. लेथच्या मागच्या टोकाला एक चौकट बसते, चौकटीत वरखाली दोन समांतर गज आणि त्यांच्यामधून मूठ सरकते. पुढे-मागे, डावी-उजवी मोकळी. वरखाली जायला आणि फिरायला मात्र जागाच नाही. पीळ मनगटावर न येता लोखंडावर येतो, आणि तू दोन बोटांनी हत्यार नुसतं ढकलतेस. मूठ जितकी रुंद तितका पीळ सहज अडतो. २०० मिलिमीटर रुंदी पुरेशी.

याची अट म्हणजे जागा. तुझा लेथ छोटा आहे, दोन सेंटरमध्ये ४५० मिलिमीटर. चक, त्यावर भांडं, मग बँजो आणि रेस्ट, एवढ्यात बेड संपतो आणि चौकट ठेवायला काही उरत नाही. बेडची जोडपट्टी मिळत असेल तर घे. नसेल तर चौकट बेडवर न बसवता लेथच्या स्टँडला बोल्टने बांध. ४० बाय ४० चा चौकोनी एमएस पाइप, दोन उभे, एक आडवा तिरका आधार, आणि वर १६ मिलिमीटरचे दोन गज. उंचीला खाचा ठेव म्हणजे वरखाली करता येईल. फॅब्रिकेशनवाल्याचं हे अर्ध्या दिवसाचं काम. नुसतं तोंडी सांगू नकोस. स्पिंडलची बेडपासून उंची आणि स्टँडची रुंदी मोजून, त्याला मापं लिहिलेलं चित्र दे. बेडवर बसवायची झाली तर दोन रुळांमधली फट व्हर्निअरने मोज, टेपने नको.

तिसरा प्रकार आर्टिक्युलेटेड आर्म. आपल्या कोपर-खांद्यासारखे दोन सांधे, बेअरिंगवर फिरणारे, आणि पुढे दांडा. मागे लांब जागा लागत नाही, म्हणून छोट्या लेथवाल्याला तो खुणावतो. काम खरंच हलकं होतं. पण त्याची सगळी किंमत त्या सांध्यांत असते. सांध्यात अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई असली तरी टोकाशी ती कैक पटींनी दिसते. स्वस्तातला आर्म घेतलास तर ढिलाई विकत घेतलीस असं समज. चांगला आर्म महागच असतो, आणि परदेशातून येणाऱ्या पार्सलवर वजनाचं भाडं, कस्टम आणि जीएसटी चढतो तो वेगळा. घरी बनवायचा झाला तर बोअरिंग आणि बेअरिंग नेमकं बसवणारा टर्नर हवा. तुझी ती पुढची पायरी, आत्ताची नाही.

म्हणजे आत्ता काय घ्यायचं? मुख्य दांडा २५ मिलिमीटरचा, ईएन-८ ब्राइट बार, मुठीसकट साधारण मीटरभर. याचं वजन मीटरला ३.८५ किलो भरतं. हे वजन डी मुठीच्या पद्धतीत चौकट आणि रेस्ट पेलतात, तुझा हात नाही, आणि जड दांडा थरथरही कमी करतो. त्याच्या पुढच्या तोंडात भोक करून घे आणि दोन ग्रब स्क्रूंनी धरलेले पुढचे दांडे बदलत जा. एक २०चा, एक १६चा, आणि एक हंसमानेचा. तोंड बघून दांडा लावायचा. जाड मुख्य दांडा शक्य तितका तोंडाजवळ आणायचा, म्हणजे बारीक दांड्याची मोकळी लांबी कमी राहते. लोखंडासाठी दारूखान्यात जायची हौस असेल तर जा, जहाजांच्या भंगारात उत्तम शाफ्ट मिळतात. पण हार्ड क्रोम चढवलेला पिस्टन रॉड उचललास तर भोक पाडताना ड्रिल घसरेल, टर्नर वैतागेल. एक बार नवा घेणं सोपं. ग्रब स्क्रू, टूल बिट, ॲलन की हे सगळं नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत होतं.

टोकाचं सांगतो, कारण पोरं इथे सर्वांत जास्त पैसे घालवतात. एचएसएसचा चौकोनी टूल बिट घे, ३/१६ इंचाचा. मिरांडा किंवा ॲडिसनचा चालेल. चौकोनी भोक पाडायचं कसं, असं टर्नर विचारेल. त्याला सांग, ६.८ मिलिमीटरचं गोल भोक पाड. एम-८ च्या आट्यांसाठी लागतं तेच ड्रिल, प्रत्येक गाळ्यात असतं. ३/१६ चौकोनाचा कर्ण ६.७३ मिलिमीटर येतो, बिट त्यात बरोबर बसतो. वरून एम-५ चा ग्रब स्क्रू. एका दांड्यात भोक सरळ, दुसऱ्यात ४५ अंश तिरपं. बिट बाहेर दहा मिलिमीटरपेक्षा जास्त काढू नकोस. टोक गोल घास, खालून सुमारे २० अंश सूट ठेव. टोक जितकं अरुंद तितका लाकडाला स्पर्श कमी, तितका जोर कमी, तितकी थरथर कमी. रुंद गोल टोक शेवटच्या साफसफाईसाठी, तेही तोंडाजवळच.

तू म्हणतेस फ्लॅटमध्ये ग्राइंडर नको, वर बाळ झोपतं. मग कार्बाइडचं गोल इन्सर्ट घे, आठ-नऊ मिलिमीटर व्यासाचं, त्याहून मोठं नको. बोथट झालं की थोडं फिरवून नवी कड पुढे आणायची. आणि तू जुनं सागवान कातणार असशील तर कार्बाइडचीच बाजू घ्यावी लागेल. गोरेगावात जुन्या चाळी आणि बंगले पाडून टॉवर उठताहेत, त्यांच्या वाशांतलं आणि दारांतलं सागवान ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजाराच्या आसपास भंगारवाल्यांकडे मिळतं. सागात सिलिका असते, ती एचएसएसची धार बघता बघता खाते. त्या वाशांत मोडलेले खिळेही असतात. लेथवर चढवण्याआधी जोरकस लोहचुंबक सगळीकडून फिरव, आणि काळसर निळा डाग दिसला की तिथे लोखंड आहे असंच धर.

झाकणीवाली कटर हेड मिळतात. पुढे छोटी चकती आणि तिच्यावर टोपी, टोपी आणि धारेतली फट जेवढी तेवढाच काप. चालली तर लांब, मऊ शेव काढतात. पण फट लाकडागणिक जुळवावी लागते, ओलं लाकूड असलं की भुसा टोपीत अडकतो, आणि किंमत तर अशी की तेवढ्यात तुझी चौकट, दांडा आणि चेहऱ्याची ढाल होईल. आत्ता नको.

एक गोष्ट मात्र कधीही करू नकोस. जुनी कानस घासून तिचं कोरायचं हत्यार बनवायचं नाही. कानस कडक असते पण ठिसूळ. अधांतरी, झटक्याच्या कामात ती काचेसारखी तुटते आणि तुकडा छातीच्या दिशेने येतो. कुणीही सांगितलं की ‘फुकटात होतं’, तरी नको.

भिंत किती उरली हे कळायला लेझर लागतंच असं नाही. तीन-चार मिलिमीटरची तार यू आकारात वाकव, एक पाय आत, एक बाहेर, दोन्ही टोकांमध्ये हव्या त्या जाडीची फट. लेथ बंद करून ती आत घाल आणि फिरव, फट किती उरते ते दिसतं. डी मुठीची सिस्टीम बसली की मग वर एक आडवा गज आणि त्याला लेझर मॉड्यूल लाव. बिंदू टोकाच्या बाजूला भिंतीच्या जाडीएवढ्या अंतरावर पाडायचा. तो भांड्याच्या कडेवरून खाली घसरला की थांबायचं. हे काम शंभर टक्के उपयोगी आहे, पण दांडा थरथरत असेल तर लेझरचा बिंदूही त्याच्यासोबत थरथरेल. म्हणून ते शेवटी.

सिस्टीमइतकंच महत्त्व भांडं धरण्याला आहे. खोल भांड्याचं टोक हत्याराच्या लिव्हरने चकमधून उपटलं जातं. १५० व्यासाच्या ठोकळ्याला निदान ६० मिलिमीटरचा टेनन ठेव आणि खांदा चकच्या जबड्यांवर पक्का टेकू दे. टेनन जबड्यांच्या तळाला लागता कामा नये, खांदाच टेकायला हवा. खोली १५० च्या वर गेली की फेसप्लेट लाव, आणि एंड ग्रेनमध्ये स्क्रू कमजोर धरतात म्हणून ३५-४० मिलिमीटर लांबीचे, निदान सहा. उंच भांड्याला स्टेडी रेस्ट हवा. चाकांचा गोल स्टेडी स्केटिंगच्या चाकांनी आणि प्लायच्या कडीने घरी होतो. चक विकत घेताना तुझ्या स्पिंडलचे आटे तपास, १ इंच ८ टीपीआय आहेत की एम-३३. चुकीचं अडॅप्टर म्हणजे अजून एक सांधा आणि अजून थोडी थरथर.

कोरायला सुरुवात कशी? आधी २५ मिलिमीटरच्या ड्रिलने मधोमध, ठरलेल्या खोलीपर्यंत भोक. ही खोली टेपने ड्रिलवर खूण करूनच. मग लाकडाचे तंतू लेथच्या अक्षाला समांतर असतील, म्हणजे एंड ग्रेन, तर मधून बाहेरच्या दिशेने काप घे. तोंडाशी पुरतं मोकळं करून मग खाली जा. थरांनी उतर, वीतभर खाली घाईने जाऊन परत वर येऊ नकोस. टोकाची उंची आत भिंतीला सेंटरवर किंवा केसभर वर ठेव. कारण समजून घे. टोक वर असताना दाबाने खाली वाकलं तर ते भिंतीपासून सुटतं. सेंटरच्या खाली असेल तर वाकल्यावर भिंतीत आणखी घुसतं आणि झटका बसतो. बाहेरून कातताना हे उलटं असतं, तिथली सवय इथे आणू नकोस. तळ गाठताना मात्र नेमकं सेंटरवर, नाहीतर मध्ये बोंड उरतं.

वेग? १५० व्यासाला कोरताना मी ६०० ते ९०० आरपीएमच्या पुढे जात नाही. ठोकळा अजून बेढब असेल तर आणखी कमी. दर अर्ध्या मिनिटाला थांबून भुसा काढ. अरुंद तोंडात भुसा गोळा झाला की तो हत्याराभोवती घट्ट बसतो, धार कुठे लागते आहे ते कळत नाही, आणि भांडं फुटतं. लेथ बंद करून हवेने उडव किंवा तोंड खाली करून झटक. फिरत्या भांड्यात बोट कधीही घालायचं नाही. अंगठी, ओढणी, सैल बाही, हातमोजे काही नको, केस बांधलेले. डोळ्यांवर नुसता चष्मा पुरत नाही, चेहऱ्याची पूर्ण ढाल घे. शिसम आणि सागाचा बारीक भुसा त्वचेला आणि श्वासाला खाजवतो, कुणाला त्याची ॲलर्जी जडते, म्हणून मास्क लाव आणि तीळभरही उशीर करू नकोस.

लाकडाचं आणखी एक. पावसाळ्यात गोरेगावात गुलमोहर, सोनमोहर, वर्षावृक्ष पडतात आणि रस्त्याच्या कडेला ओंडके दिसतात. ते आपले नाहीत. महापालिकेच्या उद्यान विभागाला विचार, सोसायटीच्या आवारातलं असेल तर सेक्रेटरीला. आरेच्या जंगलातलं तर काडीही नको. मिळालेल्या ओल्या ओंडक्याची टोकं त्याच दिवशी मेणाने किंवा जुन्या ऑइलपेंटने बंद कर, नाहीतर रात्रीत भेगा जातील. ओलं लाकूड कोरायला हलकं जातं. अरुंद तोंडाचं भांडं दोनदा चढवणं त्रासाचं, म्हणून ते ओलं असतानाच एका बैठकीत पाच-सहा मिलिमीटरच्या सारख्या भिंतीपर्यंत नेऊन संपव, मग कागदी पिशवीत ठेवून वाळू दे. सुकताना ते थोडं अंडाकृती होईल, पण भिंत सारखी असेल तर फुटणार नाही. रुंद तोंडाच्या वाडग्याची गोष्ट वेगळी. तो व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढा जाड ठेवून, म्हणजे १५० ला १५, वाळवून पुन्हा कातता येतो. मुंबईच्या पावसाळ्यात तो सुकायला वेळ लागतो आणि बुरशी येते. दर आठवड्याला वजन कर, वजन थांबलं की सुकला.

नेस्कोच्या मैदानावर यंत्र-अवजारांची प्रदर्शनं भरतात, तुझ्या घरापासून रिक्षाने जाशील. जा, आणि प्रत्येक दांड्याला हात लावून बघ. सेल्समन टोकाचं कौतुक करू लागला की त्याला दांड्याची जाडी आणि दोन सांध्यांमधली ढिलाई विचार. टोक दोन बोटांत धरून वरखाली हलव. ढिलाई हाताला कळते.

तू आधी कर काय, तर लेथच्या मागची जागा मोजून, करायच्या भांड्याचं चित्र, तोंड आणि खोली लिहून शनिवारी घेऊन ये. उद्योगनगरातल्या माझ्या ओळखीच्या टर्नरला २५चा बार आणि पुढचे दोन दांडे करायला देऊ, चौकटीसाठी फॅब्रिकेशनवाला त्याच गल्लीत आहे. परदेशी सेटची ऑर्डर तोवर थांबव. उरलेल्या पैशांत चांगला चक आणि चेहऱ्याची ढाल आधी घे.